वाचक विचारतात : पावसात लायसन्सची परीक्षा

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका असून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मोटार शिकते आहे. माझे शिकाऊ लायसन्स २० मार्चला निघाले आणि उन्हाळ्याच्या सुटीत मोकळ्या मैदानावर हात चांगला बसला. परंतु शाळा सुरू झाल्यावर सराव मागे पडला. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेसाठी आता २५ ऑगस्टची तारीख मिळाली आहे. पावसात मी गाडी जेमतेम दोनदा चालवली असून दोन्ही वेळा समोरची काच धुरकट झाली आणि चढावर गाडी बंद पडली. घरातील सगळे म्हणतात की, परीक्षा दिवाळीनंतर द्यावी. आपले मत काय?

उत्तर : घरच्यांचा सल्ला काळजीपोटी आलेला आहे, पण तो तारखांच्या हिशेबात बसत नाही. शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते, म्हणजे आपले लायसन्स १९ सप्टेंबरपर्यंतच चालेल. त्यानंतर ते नव्याने काढावे लागेल आणि नवे निघाल्यापासून ३० दिवस पूर्ण होईपर्यंत पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येणार नाही. दिवाळीपर्यंत थांबणे म्हणजे मार्चमध्ये जेथून सुरुवात केली तेथेच परत जाऊन उभे राहणे होय. उलट २५ ऑगस्टला परीक्षा दिली आणि समजा ती हुकली, तरी सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते, त्यामुळे तारखा मिळत गेल्या तर मुदतीच्या आत आपल्याला दुसरी आणि तिसरी संधीही घेता येईल. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : तारीख सोडू नये, आणि हाती उरलेल्या दिवसांत सराव मुद्दाम पावसातच करावा.

परीक्षेत काय पाहिले जाते, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेले आहे. निघण्यापूर्वी आरसे नीट करणे, सुरक्षितपणे गाडी हलवणे, वेळेवर इशारा देणे, मागे घेणे, चढावर गाडी थांबवून ती मागे न घसरू देता पुढे काढणे, अशी ती कामे आहेत. यांतले एकही काम घाईचे नाही. पावसात बिघडते ते चालवणाऱ्याचे दिसणे, ऐकणे आणि पायाची पकड, आणि या तिन्हींची तयारी घरून करून जाता येते.

पायापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्याकडे नापास होण्याचे हे कारण कोणी मोजतच नाही. खानदेशातली काळी माती पावसात चपलेला अशी चिकटते की तळ लोण्यासारखा गुळगुळीत होतो, आणि तोच तळ क्लचवरून निसटला की गाडी झटका खाऊन बंद पडते. परीक्षेच्या दिवशी सपाट तळाचे, पायात घट्ट बसणारे कोरडे बूट पिशवीतून न्यावेत आणि गाडीत बसताना ते घालावेत. पायाखाली गोणपाटाचा तुकडा आणि हाताशी जुना टॉवेल असू द्यावा. साडी नेसणार असाल तर ओला काठ क्लचखाली येणार नाही, एवढे पाहावे.

काच धुरकटते ती आतून, कारण आपल्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ थंड काचेवर जमते. ती हाताने पुसू नये. तेलकट बोटांचे ओरखडे राहतात आणि समोरून दिवा आला की तेच डोळ्यांपुढे चमकतात. बाहेरची हवा आत घेण्याची कळ फिरवावी, एसी सुरू करून झोत समोरच्या काचेकडे वळवावा, म्हणजे काच थोड्याच वेळात स्वच्छ होते. एसी नसलेली जुनी गाडी असेल तर दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली ठेवाव्यात, खांदा थोडा भिजला तरी चालेल. एसी फार थंड केला तर कधी कधी काच बाहेरून धुरकटते. तेव्हा वायपर एकदा फिरवणे आणि थंडावा कमी करणे पुरते.

चढावर गाडी बंद पडण्याचे कारण मला आपल्या पत्रातच दिसते. आपण मैदानावर शिकलात, आणि तापीकाठचा हा सपाट मुलूख शिकाऊ चालकाला चढ दाखवतच नाही. त्यातही कोरड्या दिवसांत आपण नकळत इंजिनच्या आवाजावरून क्लच कुठे धरतो ते ओळखत असतो. टपावर पाऊस वाजू लागला की तो आवाज बुडतो. म्हणून कानावर विसंबू नये. हँडब्रेक पूर्ण ओढावा, पहिला गियर टाकावा, ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरावा आणि क्लच इतका हळू सोडावा की बसण्याची जागा थरथरते व बॉनेट जरासे वर उचलल्यासारखे वाटते. त्या क्षणी पाय तेथेच रोखून हँडब्रेक खाली करावा. गावातल्या एखाद्या पुलाच्या चढावर, रहदारी नसताना, हे सलग वीस वेळा करावे. ओल्या चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर चाक जागच्या जागी फिरते आणि निरीक्षकांच्या ते लगेच लक्षात येते.

गाडी मागे घेताना इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आखणीतल्या रेषा पाण्याखाली जातात. आपली पाळी येण्यापूर्वी छत्री घेऊन ट्रॅकभोवती एक फेरी मारावी आणि खुणेचे खांब किंवा कडेचे दगड ध्यानात ठेवावेत. दोन्ही आरसे आणि मागची काच सुती फडक्याने कोरडी करूनच आत शिरावे; हे करताना संकोच नको, कारण निघण्यापूर्वी आरसे पाहणे हाही परीक्षेचाच भाग आहे.

ब्रेकचे गणितही सांगून ठेवतो. ताशी ४० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी सुमारे ११ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेक लावायचा विचार मनात येईपर्यंतच दोन-अडीच गाड्यांची लांबी सरते. त्यापुढे ओल्या डांबरावर चाकाची पकड कमी असल्याने थांबायला कोरड्यापेक्षा बरेच जास्त अंतर लागते. खूप दिवसांच्या उघडिपीनंतर पडलेली पहिली सर तर सगळ्यांत वाईट, कारण रस्त्यावरचे तेल आणि धूळ त्या पाण्यात मिसळून वर येते. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा मोटारींसाठी नियम आहे. परीक्षेला गाडी ड्रायव्हिंग स्कूलची असली तरी ती स्वतः वाकून पाहावी. खड्ड्यातल्या पाण्यातून गाडी गेली तर लगेच एक-दोनदा ब्रेक हलकेच दाबून तो कोरडा करावा.

सरावाला निघताना शेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ आवश्यक आहे. कागदावर छापून चिकटवलेला ‘एल’ पहिल्याच सरीत विरघळलेला मी अनेकदा पाहिला आहे. तो रंगवून घ्यावा.

परीक्षेच्या वेळी धो-धो पाऊस लागला आणि समोरचे दिसेनासे झाले, तर थोडे थांबण्याची विनंती नम्रपणे करावी. निरीक्षकांनाही पाहण्यासाठी उजेड लागतोच, त्यामुळे माझ्या अनुभवात अशी विनंती सहसा मानली जाते. रिमझिम पावसात मात्र कोणी थांबत नाही, आणि थांबण्याचे कारणही नाही.

प्रश्न : शहाद्याजवळच्या गावातून लिहितो. मोटारसायकलच्या परीक्षेत आठचा आकडा पावसात काढताना पाय टेकला आणि नापास झालो. रेनकोट घालून तोल जातो. उपाय सांगावा.

उत्तर : अंगभर लोंबणारा रेनकोट सोडून शर्ट-पँटचा दोन भागांचा घ्यावा, घेरदार कोटाचा पल्ला गुडघ्यात आणि चेनमध्ये अडकतो. आठ काढताना पुढचा ब्रेक अजिबात वापरू नये, गाडी कललेली असताना पुढचे चाक घसरले तर सावरता येत नाही. अर्धा क्लच धरून मागचा ब्रेक हलका दाबत राहावे आणि नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवावी. रंगवलेली पांढरी पट्टी ओली झाली की फार निसरडी होते, तिच्यावर चाक न घालता आतून वळावे. हेल्मेटची काच एक खाच उघडी ठेवली तर ती धुरकटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा धुळ्यात मोटारीच्या परीक्षेत लागोपाठ दोनदा नापास झाला. दुसऱ्या वेळी पावसामुळे त्याने खबरदारी म्हणून चारही इंडिकेटर सुरू ठेवले होते, तरीही वळताना इशारा दिला नाही असा शेरा मिळाला. हा अन्याय नव्हे काय?

उत्तर : नव्हे. चारही दिवे एकदम लुकलुकत असताना गाडी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळूच शकत नाही, म्हणजे आपल्या मुलाने इशारा दिला नाही हा शेरा शब्दशः खरा आहे. ही सवय त्याने महामार्गावर मोठ्यांना पाहूनच उचलली असणार. ते दिवे गाडी बंद पडून रस्त्यात अडथळा होते तेव्हासाठी आहेत. चालत्या गाडीला पावसात खाली वळवलेला हेडलाइट लावावा. वरचा झोत सरींवर आदळून आपल्याच डोळ्यांत येतो.

तिसऱ्या परीक्षेची घाई मात्र करू नये. फेरपरीक्षेचे शुल्क प्रत्येक वाहनप्रकारासाठी ३०० रुपये आहे, ते फारसे नाही. पण तिसऱ्यांदाही अपयश आले तर शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस पुन्हा बसता येत नाही आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. शिकाऊ लायसन्सची मुदत पाहून दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख घ्यावी, आणि त्या दिवसांत आपण स्वतः शेजारी बसून, पाऊस असो वा नसो, प्रत्येक वळणाआधी त्याला मोठ्याने ‘आरसा, इशारा, वळण’ असे म्हणायला लावावे.