दुसरी फ्लॉपी टाकली तरी पहिलीचीच यादी दिसते: आधी फ्लॉप्या लॉक करा

ताई, कॉम्प्युटर आत्ता बंद करा आणि वडिलांच्या सगळ्या फ्लॉप्या समोर घ्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात सरकणारी छोटी प्लास्टिकची चकती असते. ती सरकवून भोक उघडं करा. फ्लॉपी उजेडात धरल्यावर दोन्ही कोपऱ्यांतली भोकं आरपार दिसली, म्हणजे ती लॉक झाली. आता तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही. हे झाल्यावरच पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय ते असं: रविवार कारंज्यावरच्या तुमच्या छापखान्यातला विंडोज ९८ चा कॉम्प्युटर, जुना फ्लॉपी ड्राइव्ह खरखर करायला लागला म्हणून बसवलेला सेकंडहँड ड्राइव्ह. सुरुवातीला त्याचा दिवा विझतच नव्हता, केबल फिरवून लावल्यावर विझला. आता पहिली फ्लॉपी उघडते, पण दुसरी टाकली तरी पहिलीचीच यादी दिसते. काही फ्लॉप्यांना तर 'फॉरमॅट करायची का' असं विचारतोय.

दिव्याचं तुम्ही बरोबर केलंत. दिवा सतत पेटलेला म्हणजे केबल एका टोकाला उलटी, हे जवळजवळ ठरलेलंच. लाल कडेची तार दोन्हीकडे एक नंबरच्या पिनवर हवी. केबलच्या मधल्या काही तारा पिळलेल्या दिसतील. पिळाच्या पुढचं, अगदी शेवटचं टोक ए ड्राइव्हला, म्हणजे पहिल्या फ्लॉपी ड्राइव्हला लागतं. पॉवरचा चार पिनांचा छोटा कनेक्टर मात्र टॉर्च लावून परत बघा. तो एक पिन सरकून बसला तर ड्राइव्ह जळू शकतो.

आता मुख्य दुखणं. फ्लॉपी बदलली हे कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही. ड्राइव्ह त्याला ३४ नंबरच्या तारेवरून तसा निरोप देतो. निरोप आला नाही तर कॉम्प्युटर आधीच्या फ्लॉपीची मेमरीत ठेवलेली यादीच दाखवत बसतो. नुसतं बघण्यापुरतं ठीक, पण अशा वेळी काही सेव्ह केलं तर पहिल्या फ्लॉपीचा हिशोब दुसरीवर लिहिला जातो आणि दुसरीवरच्या फाइल्स गेल्या म्हणून समजा. माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचं असं काम गेलंय, म्हणून सुरुवातीलाच लॉक करायला सांगितलं. शिवाय विंडोज ९८ लॉक नसलेली फ्लॉपी नुसती वाचतानाही तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीच्या तुकड्यात, स्वतःची खूण लिहितं, हे फार कुणाला माहीत नसतं.

ही ३४ नंबरची तार केबलच्या अगदी कडेला असते, लाल तारेच्या विरुद्ध बाजूला. केबल ओढून काढली की पहिला मार या कडेलाच बसतो. कनेक्टरजवळ ती कड बोटाने हळूच दाबून बघा, सुटलेली किंवा चिरलेली असली तर लगेच जाणवेल. केबल बदलणं सगळ्यात स्वस्त, तिथूनच सुरुवात करा. केबल बदलूनही तेच होत असेल तर ड्राइव्हवरचे जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या बघा. तुमचा ड्राइव्ह अंबडच्या भंगारातून आलाय म्हणता. कारखान्यातल्या मशीनवरून काढलेल्या ड्राइव्हमध्ये ही ३४ नंबरची पिन दुसऱ्या कामाला लावलेली किंवा मोकळी सोडलेली असू शकते. जम्परजवळ 'डीसी' (डिस्क चेंज, फ्लॉपी बदलल्याचा निरोप) आणि 'आरडीवाय' (रेडी) अशी अक्षरं असतील तर तो डीसीवर हवा. तेही नसेल तर त्या ड्राइव्हच्या मागे लागू नका, साध्या पीसीतून काढलेला दुसरा शोधा. तपासणी नेहमी बिनकामाच्या दोन फ्लॉप्यांवर करायची.

फॉरमॅटच्या प्रश्नाला प्रत्येक वेळी 'नो'. तो प्रश्न आला म्हणजे फ्लॉपी रिकामी आहे असं नव्हे, ड्राइव्हला ती वाचता आली नाही एवढंच. नव्या ड्राइव्हवर एक बिनकामाची फ्लॉपी फॉरमॅट करून वाचा. शिवाय विकत आलेली, प्रिंटरच्या ड्रायव्हरची वगैरे एखादी वाचून बघा. या दोन्ही नीट वाचल्या आणि वडिलांनी लिहिलेल्याच अडल्या, तर जुन्या ड्राइव्हचं हेड, म्हणजे फ्लॉपीवर वाचणारा-लिहिणारा भाग, हळूहळू जागेवरून सरकलेलं असणार. फ्लॉपीच्या एका बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे लिहिण्याच्या गोल रेघा बसतात, त्यामुळे हेड थोडं सरकलं तरी घोटाळा होतो. मग त्या ड्राइव्हने लिहिलेलं त्यालाच वाचता येतं. म्हणून तो खरखरणारा ड्राइव्ह कृपा करून टाकू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जरा ओली करून त्याचं हेड पुसा, वरचं हेड अगदी थोडंच उचला, आणि वाळल्यावर तोच परत लावून फाइल्स हार्ड डिस्कवर घ्या.

त्याआधी प्रत्येक फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आत बघा. मागची गोल चकती बोटाने फिरवत फिरवत बघायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या फ्लॉप्यांवर पांढुरके ठिपके येतात, ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते. त्या वेगळ्या पिशवीत ठेवा.

फ्लॉपी वाचली की आधी तिची पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या फ्लॉपीची जशीच्या तशी एका फाइलमधली नक्कल काढा, फाइल्स नंतर. १.४४ एमबीच्या इमेजची फाइल बरोबर १४,७४,५६० बाइट्सची होते. कमी भरली तर काहीतरी राहिलंय. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम हे काम छान करतो, खराब सेक्टर बाजूला ठेवून आधी चांगलं ते उचलतो.

आणि ताई, वडिलांनी जमवलेल्या ओव्या पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये आहेत म्हणता, तर त्या युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये असणार. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडूनही नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. त्या कॉम्प्युटरच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर पेन ड्राइव्हवर नाहीतर सीडीवर आजच कॉपी करून ठेवा. हार्ड डिस्कही तेवढीच म्हातारी आहे.

केबल बदलून झाली की कळवा: किती फ्लॉप्या वाचल्या, किती अडल्या, आणि अडलेल्या सगळ्या वडिलांनीच लिहिलेल्या आहेत का. त्यावरून जुना ड्राइव्ह परत लावायचा का ते सांगतो.