पाणी घशाखाली उतरत नसेल तर आधी विहीर तपासा

वेंगुर्ल्याजवळच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला. लग्न होऊन खाडीकाठच्या गावात आलात, तेव्हापासून पोटऱ्यांवर पांढरी साल निघते, अंघोळीनंतर खाज सुटते, ओठ फुटतात. जो तो 'दिवसाला आठ ग्लास पाणी पी' म्हणतो, पण इथलं पाणी घशाखालीच उतरत नाही, आणि होळीनंतर सगळंच वाढतं. हे होळीनंतरचं वाचलं आणि लिहायला बसले. आमच्या घरात अगदी हेच झालं होतं.

मी डॉक्टर नाही. गुहागर तालुक्यात आमची घरगुती खाणावळ आहे, खाडी हाकेच्या अंतरावर. खाली जे लिहिते ते भोगलेलं आणि नंतर चार जाणत्यांना विचारून घेतलेलं.

पाणी का प्यावं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मला वेगळंच विचारायचंय. तुमच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ लागतं का? डाळ शिजायला वेळ लागतो? साबणाला फेस येत नाही? आमच्याकडे पहिली तक्रार पाहुण्यांची आली. पुण्याच्या एका बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "काकू, साखरेऐवजी मीठ पडलंय का?" आम्हा घरच्यांच्या जिभेला सवय झालेली. पण जीभ सरावली तरी तहान फसत नाही. मचूळ पाण्याचे दोन घोट घेतले की माणूस तांब्या खाली ठेवतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी मे महिन्यात कळशी घेऊन फिरायची वेळ येते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्याच्या वर तरंगत असतं. पंप लावून गोड्याची पातळी एक फूट उतरवली, तर खालचं खारं पाणी हिशोबाने चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. प्रत्यक्षात दगड, भेगा यांवर बरंच अवलंबून असतं, पण मे महिन्यात शेजारच्या तीन बागांचे पंप एकदम चालू झाले की आपली विहीर का बिघडते ते यातून कळतं.

आता ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते. यजमान पाण्याची बाटली घेऊन एका तपासणीच्या कार्यालयात गेले. कुठल्या ते लिहीत नाही, आम्हाला इथेच राहायचंय. टेबलावरच्या माणसाने बाटली हातात घेतली नाही. "तुमच्या विहिरीचा नमुना ऑगस्टमध्येच पास झालाय, वर्षभर चालतो," म्हणाला आणि जुन्या अहवालाची प्रत काढून दिली. त्यावर मोठा शिक्का, 'पिण्यास योग्य'. घरी आणून चष्मा लावून वाचलं तर जंतूंच्या तपासणीपुढे काय ते लिहिलेलं. क्लोराइड, कठीणपणा, एकूण विरघळलेले क्षार या तिन्ही रकान्यांत पेनाने ओढलेली आडवी रेघ. आणि नमुना ऑगस्टचा! ऑगस्टमध्ये कोकणातली कुठली विहीर खारट लागते? यजमान परत गेले तर "साहेब फिरतीवर आहेत". पुढच्या वेळी "बाटली आमचीच लागते", आणि बाटल्या शिल्लक नव्हत्या.

बरं, तो कागद नुसता निरुपयोगी असता तर चाललं असतं. त्या शिक्क्यामुळे पुढे कोणी पाण्याकडे बघेचना. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवला, ते म्हणाले पाणी चांगलं आहे, ॲलर्जी असेल. सासूबाई म्हणाल्या उष्णता आहे, सब्जा घे. माझा पैसा मलमांत गेला. आणि ऐन आंब्याच्या हंगामात, पेट्या भरायच्या दिवसांत, यजमानांच्या कमरेत कळ आली ती मुतखड्याची. खारं पाणी प्यायलं म्हणून खडा झाला असं मी म्हणत नाही. पाणी नको वाटायचं म्हणून ते दिवसभर बागेत घाम गाळून जेमतेम तांब्याभर प्यायचे. लघवी घट्ट होते, क्षार खाली बसतात, खडा धरतो. त्यात जेवणात मीठ जास्त असेल तर लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं, आणि आपल्याकडे सुकट, लोणचं, पापड रोजचंच. डॉक्टरांनी त्यांना ग्लास मोजायला सांगितलंच नाही. दिवसाची लघवी अडीच लिटर व्हायला हवी, त्याला लागेल तेवढं प्या, म्हणाले. हा हिशोब मला पटला. घाम किती गेला ते यात आपोआप येतं.

आठ ग्लासांचा मला रागच आहे. 1945 साली अमेरिकेतल्या आहार मंडळाने दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी सांगितलं, आणि लगेच पुढच्या वाक्यात लिहिलं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य गळालं, आकडा राहिला, आणि आठ ग्लास त्यातूनच आले असावेत असं म्हणतात. युरोपातला अलीकडचा आकडा बाईला 2 लिटर, पुरुषाला 2.5 लिटर, तोही अन्नातलं पाणी धरून. सकाळची पेज, आमटी, ताक, कलिंगड, अगदी चहासुद्धा यात मोजायचा. मात्र तो आकडा बेताच्या हवेत बेताची हालचाल करणाऱ्या माणसाचा. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, अंग गार होत नाही आणि आणखी घाम येतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात काम करणाऱ्याला ते पुरणार नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर कमी पडतंय. (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर पिवळी दिसणारच, घाबरू नका.)

कातडीबद्दल स्पष्ट लिहिते, कुणाला पटो न पटो. शरीर खरंच सुकलं असेल तर पाणी प्यायल्याने कातडीत फरक दिसतो. पण तहान भागल्यावर वरून ढोसलेलं पाणी गालावर जात नाही, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. कातडीचा सगळ्यात वरचा थर पाणी धरून ठेवतो तो स्वतःच्या तेलकटपणामुळे, आणि तो तेलकटपणा कढत पाणी, कडक साबण आणि काथ्याच्या घासणीने निघून जातो. क्षाराच्या पाण्यात साबणाचा साका होतो, तो नीट धुतला जात नाही, अंगावर राहतो आणि खाजतो. तुमची खाज अंघोळीनंतर लगेच सुटते म्हणून मला हाच संशय जास्त आहे.

आम्ही प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी वरच्या वाडीतल्या विहिरीवरून आणायला लागलो, खालच्या विहिरीचं फक्त वापरायला. अंघोळ कोमट पाण्याने, साबण काखेला, जांघेला आणि पायांना, सगळ्या अंगाला नाही. अंग पुसून थोडं ओलं असतानाच खोबरेल लावायचं. वाळल्यावर लावलेल्या तेलाचा निम्मा उपयोग जातो. शेवटी पाण्याची तपासणी झाली का, तर झाली, पण वेगळ्या ठिकाणी आणि पैसे भरून.

तुम्ही मात्र चट्टे नीट बघा. गोल असतील, कडेने लाल आणि मधे साफ, तर ते गजकर्ण असू शकतं, दमट हवेत आपल्याकडे खूप. त्यावर तेल नको आणि औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली ट्यूब तर अजिबात नको. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. सरळ डॉक्टर.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवणारा, काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. भारतीय मानकाप्रमाणे क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडचे हेच आकडे 250 आणि 1000. मीटरला जंतू कळत नाहीत, ते वेगळं तपासायचं. उकळून, तुरटी फिरवून किंवा कँडलच्या फिल्टरने मीठ जात नाही. आरओने जातं, पण तो बरंच पाणी वाया घालवतो, आणि मीटरवरचा क्षारांचा आकडा दोनशेच्या आसपास असेल तर विक्रेता काहीही सांगो, घेऊ नका. तपासणीला अर्ज कराल तेव्हा 'पाणी तपासून मिळावे' एवढंच लिहू नका. क्लोराइड, कठीणपणा, एकूण क्षार अशी नावं घाला, नमुना मे महिन्यातला आहे हे लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

हे सगळं लिहिताना सारखं एक मनात येतंय. आपल्याकडच्या कित्येक बायका पाणी कमी पितात ते चवीमुळे नाही. बाजारात मासे विकायला बसलेली बाई पहाटेपासून दुपारपर्यंत घोटभर पाणी घेत नाही, कारण जायचं कुठे? एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही. मग उन्हाळी लागते, जळजळ होते आणि तिलाच सांगायचं, पाणी पीत जा. असो. तुम्ही नोकरीला जाता असं लिहिलंय म्हणून विचारते, तिथे काय सोय आहे? खरं कारण तेही असू शकतं.

घरात हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं कोणी असेल तर त्यांना यातलं काही लावू नका, त्यांचं पाणी डॉक्टर ठरवतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, तेही त्यांना विचारूनच. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, सासऱ्यांना मागायची वाट न बघता पाणी देत जा.

मीठ-साखरेचं लिंबूपाणी रोज घ्यावं का असं विचारलंत. उन्हात राबून घाम गळला किंवा जुलाब झाले तर घ्या. एरवी नुसतं लिंबू पिळा, मीठ नको, विशेषतः पाणी मचूळ असेल आणि घरात कोणाला रक्तदाब असेल तर.

मीटर आला की आकडा इथे टाका. एकदा भरतीच्या आणि एकदा ओहोटीच्या वेळी मोजा, खाडीला लागून असाल तर दोन्हींत फरक पडू शकतो.