निवृत्तीनंतर जोधपूरहून खानापूरला: गाडी जुनीच, तारीख मात्र ठरवून

सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. 30 एप्रिलला आपण जोधपूरहून सेवानिवृत्त होत आहात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात नवे घर बांधून होत आले आहे आणि मे महिन्यात आई, वहिनी व दोन्ही मुलांसह रस्त्यानेच गावी परतायचे आपण ठरवले आहे. त्यासाठी जोधपूरलाच 14 लाखांची सात आसनी गाडी घ्यायची (8 लाख ग्रॅच्युइटीतून, 6 लाख कर्ज), सात वर्षांची जुनी गाडी तिथेच सव्वातीन लाखांना द्यायची, सामान ट्रकने पुढे पाठवायचे आणि वाटेत नाथद्वारा, नाशिक, शिर्डी, कोल्हापूर असे देवदर्शन करत दहा दिवसांत घर गाठायचे, असा आपला बेत आहे. नव्या गाडीखेरीज दीड लाखाचा खर्च आपण धरला आहे आणि हे योग्य होईल का, असे विचारले आहे.

रस्त्याने येण्यास माझी हरकत नाही. जोधपूर, पाली, सिरोही, पालनपूर, अहमदाबाद आणि तिथून पुणे, कोल्हापूर, बेळगाव हे अंतर साधारण साडेचौदाशे किलोमीटर भरते. आपल्या जुन्या गाडीने लिटरला 16 किलोमीटर दिले, तर नव्वद लिटर पेट्रोल, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपये लागतील. राजस्थानात पेट्रोल महाग आणि गुजरातेत बरेच स्वस्त असते, म्हणून निघताना पालनपूरपर्यंत पुरेल इतकेच भरावे आणि महाराष्ट्रात शिरण्यापूर्वी वापीच्या अलीकडे टाकी पूर्ण करावी. दोन मुक्काम, जेवणखाण आणि टोल धरूनही सरळ प्रवास तीस हजारांच्या आत बसतो. तीस वर्षांच्या नोकरीनंतर कुटुंबाने एकत्र घरी येण्यासाठी एवढा खर्च करायला मी कोणालाही आडकाठी करणार नाही. माझा आक्षेप नव्या गाडीला आहे, आणि त्याहून अधिक, आपण न विचारलेल्या एका गोष्टीला, म्हणजे तारखेला.

आधी गाडीचे पाहू. जोधपूरला घेतलेल्या गाडीची नोंदणी राजस्थानात होईल आणि तिथला कर आपण भराल. मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. आपण तर कायमचेच येत आहात. कर्नाटकात 10 ते 20 लाखांच्या मोटारीवर 17 टक्के आजीवन कर आहे आणि त्यावर उपकर वेगळा. 14 लाखांवर नुसता करच 2 लाख 38 हजार होतो. गाडीच्या वयाप्रमाणे थोडी सूट मिळाली, तरी वर्षभराच्या गाडीवर ती नाममात्र असते. राजस्थानचा उरलेला कर परत मागता येतो, पण ते पैसे हाती पडेपर्यंत आपले पैसे दोन्ही राज्यांत अडकलेले राहतील. शिवाय गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, आणि कर्ज असलेल्या गाडीचा तो काढताना बँकेची संमतीही लागते. नवी गाडी हवीच असेल, तर ती बेळगावला येऊन घ्यावी आणि केए-22 पासिंग करून घ्यावे. सैन्याच्या कॅन्टीनमधून गाडी घेण्याची सवलत निवृत्तीनंतर बंद होते, असे आपणास कोणी सांगितल्याचे पत्रावरून दिसते. तसे नाही, माजी सैनिकांनाही ती सवलत आहे.

कराचा प्रश्न सुटला, तरी हप्ता उरतोच. 6 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिना सुमारे 12,455 रुपये हप्ता बसतो आणि एकूण व्याज 1 लाख 47 हजारांच्या घरात जाते. निवृत्तिवेतनाचा अर्धा भाग विकल्यावर, म्हणजे त्याचे एकरकमी पैसे आधीच घेतल्यावर, महिना हाती साधारण 35 हजार येतील, असे आपण लिहिले आहे. म्हणजे त्यातील एक तृतीयांशाहून अधिक रक्कम दारात उभ्या असलेल्या गाडीवर जाणार, तेही मुलगी अकरावीला आणि मुलगा आठवीला जात असताना. उलट तेच 8 लाख डाकघराच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवले, तर 7.4 टक्के दराने महिना 4,900 रुपयांहून थोडे अधिक मिळतात. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर अधिक आहे आणि निवृत्त सैनिकांना ती पन्नाशीपासूनच खुली होते. आपण 48 वर्षांचे आहात, म्हणजे दोन वर्षांनी, मुदतीआधी काढल्याची थोडी कपात सोसून, ही रक्कम तिकडे वळवता येईल.

जुनी गाडी विकूही नये. सात वर्षे आपल्याच हातात असलेल्या, एकही दावा न केलेल्या गाडीचे अंतरंग आपणास ठाऊक आहे; सव्वातीन लाखांत तशी दुसरी मिळणार नाही. निघण्यापूर्वी ब्रेक, कूलंट, पट्टे आणि टायर तपासून घ्यावेत. चारही टायर बदलावे लागले, तरी वीस-पंचवीस हजारांत काम होईल. या गाडीचे कर्ज फिटले असल्याचे आपण लिहिता, परंतु आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे की उतरला, ते आजच पाहावे. बोजा उतरल्याशिवाय आरटीओ ना-हरकत दाखला सहजी देत नाही आणि खानापुरात बसून जोधपूरच्या शाखेचा पाठपुरावा करणे फार जड जाते. या गाडीवरही कर्नाटकचा कर लागेल, पण तो तिच्या वयानुसार घटवून लागतो, त्यामुळे रक्कम पेलण्यासारखी असेल. निपाणी-चिकोडीकडे बरेच जण कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-09 पासिंग ठेवतात, तसे करण्याचा सल्ला आपणास गावात नक्की मिळेल. तो मानू नये. अपघाताचा दावा करण्याची वेळ आली, की खोटा पत्ता अंगाशी येतो.

फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 पासून 3,000 रुपयांत सुरू झाला. एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर तो चालतो, पण फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल वेगळा कापला जाईल. एकट्या या प्रवासासाठी मी तो सुचवला नसता. परंतु मुलीला पुण्यास शिकायला ठेवण्याचा आपला विचार आहे, आणि बेळगावहून पुण्याला जाताना हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आणेवाडी आणि खेड-शिवापूर असे सहा नाके लागतात, परतताना तेच पुन्हा. दोन-चार खेपांत पास वसूल होतो. मात्र तो गाडीच्या क्रमांकाशी बांधलेला असतो, त्यामुळे केए क्रमांक मिळाल्यावर जुना पास तसाच चालेल, असे धरून चालू नये.

आता तारखेकडे येतो, कारण खरे पैसे तिथेच जातील असे मला वाटते. गिलावा झाला आहे, फरशी आणि वायरिंग राहिले आहे, गवंडी मेअखेर पूर्ण करून देतो म्हणतो, आणि ट्रक मात्र आपण 5 मेला भरणार आहात. गवंड्याचा मेअखेर म्हणजे कोणता मेअखेर, हे आपण सुट्टीत घर बांधून घेतलेला माणूस म्हणून माझ्याहून चांगले जाणता. खानापूरचा पाऊस मृगाला सुरू झाला, की दसऱ्यापर्यंत उसंत देत नाही. ओल्या भिंतींच्या खोलीत लाकडी कपाटे आणि गाद्या रचल्या, तर ऑगस्टपर्यंत त्यांना बुरशी येते. तोवर बेळगावात भाड्याने राहायचे म्हटले, तर अनामत, भाडे, दुसऱ्यांदा हमाली आणि दुसरा टेम्पो, असे मिळून आपल्या संपूर्ण प्रवासाहून अधिक पैसे जातील.

आम्ही स्वतः बिऱ्हाड नाशिकहून बेळगावला आणले, तेव्हा हे अनुभवले आहे. वाहतूकदाराने फोनवर एक दर सांगितला, आणि ट्रक दारात उभा राहिल्यावर सामान जास्त आहे म्हणून आणखी अकरा हजार मागितले. घर तयार नव्हते, सामान कुठे उतरवायचे ते ठरले नव्हते, ट्रक थांबवण्याचे भाडे चढत होते, मुकाट्याने दिले. यादी, वजन आणि पोहोचवण्याचा दिवस लेखी असता, तर ती वेळ आली नसती. ट्रान्झिट विम्याच्या, म्हणजे वाटेतल्या नुकसानीच्या विम्याच्या, नावाने टक्केवारी घेतात, तेव्हा आपल्या नावाची पॉलिसी हातात मागावी. नुसत्या पावतीवरच्या शिक्क्याला अर्थ नाही.

म्हणून माझा सल्ला असा. गावातल्या जुन्या घराची माडी कोरडी आहे, असे आपण ओघात लिहिले आहे. फरशी 10 मेपर्यंत झाली नाही, तर सामान तिथे उतरवावे आणि दिवाळीच्या सुमारास तालुक्यातल्या तालुक्यात टेम्पोने नव्या घरी न्यावे. क्वार्टर काही महिने ठेवता येत असेल, तर तोही पर्याय आहे. त्याची मुदत आणि भाडे युनिटमधून लेखी घ्यावे. त्याच कागदावर स्थलांतराच्या हक्कांचेही विचारून घ्यावे. निवृत्तीनंतर गावी स्थायिक होताना मिळणारे एकत्रित अनुदान शेवटच्या मूळ वेतनाच्या 80 टक्के असते आणि त्यात मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैनिकी सेवेबद्दलचे वेगळे वेतन, धरत नाहीत. आपले मूळ वेतन 60,400 आहे, म्हणजे 48,320 रुपये. आपल्या वेतनस्तरावर 6,000 किलोपर्यंत सामान आणि एक मोटार नेण्याचाही हक्क आहे. पण गाडी स्वतः चालवत आणली तर काय मिळते आणि ट्रकवर चढवून आणली तर काय, कुटुंब रेल्वेऐवजी गाडीने आले तर भाड्याचे काय, हे निघण्यापूर्वी ठरायला हवे. बिले, टोलच्या पावत्या आणि वजनकाट्याची चिठ्ठी एका पाकिटात ठेवावी.

राहिले देवदर्शन. पाच माणसे, त्यांत गुडघेदुखी असलेल्या 72 वर्षांच्या आई, अशी दहा दिवस लहान गाडीत नेणे मला पटत नाही. जोधपूर-बेंगळुरू एक्सप्रेस मिरजेवरून थेट बेळगावला येते. आईंना आणि वहिनींना तिने पुढे पाठवावे आणि आपण मुलांसह तीन दिवसांत गाडी आणावी. नाथद्वारा तेवढे निघण्यापूर्वी, एप्रिलच्या एखाद्या रविवारी, सर्वांनी मिळून करून यावे, कारण ते पुन्हा वाटेवर येणार नाही. कोल्हापूर खानापूरहून जवळ आहे, आणि नाशिक, शिर्डीही जोधपूरच्या मानाने जवळच. पाऊस सरल्यावर आईंना सावकाश नेता येईल. या साऱ्यासाठी, टायरसकट, 75 हजार बाजूला काढावेत. अनुदानाचे 48 हजार आले, की खिशातून फारसे जाणार नाही.

गवंड्याला मात्र पुढचा हप्ता फरशी पूर्ण झाल्यावरच द्यावा, आणि तसे त्याला आजच फोन करून सांगावे.