पायरीवरचा नारळ

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वकीलबाई, सप्रेम नमस्कार. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. गेल्या पंचायत निवडणुकीत माझा थोरला भाऊ अकरा मतांनी पडला. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर काळा दोरा गुंडाळलेला नारळ, चिरलेले लिंबू आणि कुंकू सापडले होते. निकालानंतर वहिनी घाड्याकडे, म्हणजे देवऋष्याकडे, गेली. त्याने नाव घेतले नाही. 'घरातलीच, वाटणीवरून दुखावलेली बाई' एवढेच म्हणाला. उताऱ्याचे साडेसात हजार घेतले आणि त्या बाईला विहिरीवर येऊ दिले तर राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, कोपेल, असे बजावले. सगळ्यांचे बोट आमच्या विधवा काकीकडे वळले. तेव्हापासून तिच्याशी कोणी बोलत नाही, चतुर्थीलाही तिला बोलावत नाहीत. मी वाद घातला तर भाऊ म्हणतो, 'देशाचे मोठमोठे पुढारी एकमेकांवर काळ्या जादूचा आरोप करतात. ते काय अडाणी आहेत?' यावर मला बोलता आले नाही. महाराष्ट्रातला जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे चालेल का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : तुमच्या भावाचे म्हणणे खोटे नाही, म्हणून आधी त्यालाच उत्तर देते. ऑगस्ट २०२२ मध्ये काँग्रेसवाल्यांनी काळे कपडे घालून आंदोलन केले, तेव्हा पानिपतच्या इथेनॉल प्रकल्पाच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्यांना काळ्या जादूचा आधार घेणारे म्हटले. मे २०२४ मध्ये कर्नाटकचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी आपल्यावर आणि मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्यावर केरळात शत्रुनाशाचा याग चालल्याचे जाहीरपणे सांगितले. केरळच्या मंत्र्यांनी त्याचा इन्कार केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संजय राऊत यांनी मुंबईतल्या 'वर्षा' बंगल्याच्या आवारात रेड्याची शिंगे पुरल्याची गोष्ट सांगितली. पक्ष तीन, भाषा एक.

आता भावाला एवढेच विचारा : यांतल्या कोणाचे विहिरीवरचे पाणी तुटले? ज्याच्यावर आरोप झाला त्याचा बंदोबस्त कमी झाला नाही, बंगला गेला नाही, घरच्यांनी ताट वेगळे वाढले नाही. चार दिवस बातमी चालली आणि संपली. पण तो शब्द टीव्हीवरून तुमच्या सोप्यावर येतो, तेव्हा त्याला ओझे वाहणारी बाई लागते. मालदीवमध्ये जून २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांवर काळी जादू केल्याच्या आरोपावरून एका राज्यमंत्र्यांना अटक झाली. तीही बाईच.

पुढारी अडाणी नाहीत. ते हा आरोप करतात, कारण त्याला पुरावा लागत नाही. मी तीस वर्षांवर कोर्टात उभी राहिले. लाच म्हटली की नोटा दाखवाव्या लागतात, विष म्हटले की व्हिसेरा तपासावा लागतो. करणीला काहीच लागत नाही. 'कोणें तरी कितें तरी केलां' एवढे वाक्य पुरते. आपल्या गोव्याला तर हे ठाऊक असायला हवे. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षे सोडली तर, इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचे धर्मन्यायालय, होते आणि जादूटोणा हाही त्याच्यासमोरच्या खटल्यांचा एक विषय होता. ज्यांच्या पूर्वजांनी ते भोगले, त्यांनी तोच आरोप घरातल्या बाईवर ठेवावा, याचे मला फार वाईट वाटते.

मी हे इतक्या कळकळीने का लिहिते, तेही सांगते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. आमचे घर डिचोली तालुक्यात, आणि घरात सगळे 'फुला'चे, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हावे या बाजूचे. 'दोन पानां', म्हणजे गोवा वेगळा राहावा ही बाजू, ३४,०२१ मतांनी जिंकली. आमच्या वाड्यावर सुतक पडल्यासारखे झाले होते. फुलाच्या प्रचारात रात्रंदिवस राबलेला एक शेजारी निकालानंतर तापाने अंथरुणाला खिळला. माझी विधवा आत्या जुलाबावर कुड्याच्या सालीचा काढा द्यायची. निकालाच्या आधी एका पहाटे ती साल काढायला त्याच्या कुंपणाशी गेली होती, ते कोणीतरी पाहिले होते. तेवढे पुरले. कौल हरला तोही तिच्यामुळे, ताप आला तोही तिच्यामुळे! तीन लाखांवर माणसांनी दिलेली मते एका बाईच्या कोयत्यावर आणून ठेवली.

त्यानंतर आत्या दिवसा विहिरीवर गेली नाही. दिवेलागणीनंतर सगळ्या बायका परतल्या की घागर घेऊन जायची. शाळेतल्या मुलींचे ऐकून मीही आठ दिवस तिच्या हातचे खाल्ले नाही. ती रोज पेजेची वाटी माझ्यापुढे ठेवायची आणि काही न बोलता उचलायची. शेजारी बरा झाला, पण तिची माफी कोणी मागितली नाही. मीही नाही, आणि मला कळू लागेपर्यंत ती गेली होती.

आता कायदा. महाराष्ट्राचा कायदा गोव्यात लागू नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, असे सांगून त्याचे जगणे कठीण करणे हाच त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. दोडामार्गाकडे हद्द ओलांडली की तो लागू होतो. चोर्ला घाट चढून गेलात तर कर्नाटकचा कायदा आहे, तोही जानेवारी २०२० पासून अमलात आहे.

म्हणून आपण हात बांधून बसायचे असे नाही. भारतीय न्याय संहिता सगळ्या देशाला लागू आहे. देवाचा कोप होईल अशी भीती घालून माणसाला काही करायला किंवा न करायला लावणे, हा तिच्या कलम ३५४ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. राखणदाराचे नाव घेऊन विहीर बंद करायला सांगणारा घाडी इथे सापडतो. साडेसात हजारांसाठी फसवणुकीचे कलम ३१८ आहे, काकीच्या नावाची बदनामी करणाऱ्यांसाठी ३५६. घाड्याने काय शब्द वापरले, पैसे कोणत्या दिवशी दिले, कोण हजर होते, हे आजच वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर निरोप आले असतील तर पुसू नका.

मात्र पोलिसांत जाण्याआधी एक काम करा. मतदार यादी घेऊन भावाशेजारी बसा. वॉर्डातले कोण वेर्ण्याला कारखान्यात पाळीवर होते, कोण मुंबईहून आलेच नाहीत, कोणाच्या घरी भाऊ प्रचाराला गेलाच नाही, यावर पेन्सिलीने खुणा करा. अकरा मते त्या यादीतच सापडतील. पायरीवरच्या नारळाला मत नसते. तो ठेवणारा, तो जो कोणी असेल तो, तुमच्या भावाला घाबरवू पाहत होता, आणि त्याचा हेतू तुम्ही सगळ्यांनी मिळून पुरा केलात.

आणि काकींना बोलवा. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीसाठी रानातली फळे, वेली कुठे मिळतात, हे घरातल्या जुन्या बाईइतके कोणाला ठाऊक असते? भावाने स्वतः त्यांच्या दारात जावे, वहिनींनी सोबत असावे. मुलांच्या हाती निरोप पाठवू नका.

प्रश्न : विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री एका उमेदवाराची माणसे घरी आली. आईला नारळावर हात ठेवायला लावून म्हणाली, 'मत आम्हालाच, नाहीतर देवी बघून घेईल.' आईने मत दुसऱ्याला दिले. पुढे न्हाणीघरात घसरून तिचा पाय मोडला. शपथ मोडल्याचे हे फळ, असे ती धरून बसली आहे. काय सांगू?
— एक वाचिका, पेडणे

उत्तर : आईंना सांगा, पाप झाले असेल तर ते नारळ घेऊन येणाऱ्यांचे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३(२) प्रमाणे उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्यांच्या संमतीने कोणी मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणे हा भ्रष्ट आचार आहे, आणि त्यावरून निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. नामधारी पंथाच्या गुरूंनी अमक्यालाच मत द्या असा हुकूम काढला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये नेमके हेच धरले. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवस असते. पुढच्या खेपेस असे झाले तर त्याच रात्री तक्रार करा.

शपथेचे म्हणाल, तर २२ जानेवारी २०२२ ला काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. त्यांतले अकरा निवडून आले आणि १४ सप्टेंबरला आठजण भाजपमध्ये गेले. देवाला विचारले आणि त्याने योग्य वाटेल ते कर असे सांगितले, असे त्या आठांतले दिगंबर कामत त्या वेळी म्हणाले. ज्यांनी आपणहून, कॅमेऱ्यांसमोर शपथ घेतली त्यांचा देव एवढा समजूतदार. मग रात्री दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी पुरुषांना घाबरून नारळावर हात ठेवलेल्या बाईवर देवी कशाला रागावेल? हे त्यांना शांतपणे, एकदा नाही, चार वेळा सांगा. कोणाला मत दिले, हे मात्र त्यांनी तुम्हालाही सांगायची गरज नाही.

न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी घासून घ्या, भिंतीला धरायला दांडा बसवा, आणि या वयात हाड मोडले आहे तर डॉक्टरांना सांगून हाडांची घनता तपासून घ्या.