आधी तळघरात उतरा

प्रश्न : मे महिन्यात मुलाकडे ब्रिस्टलला जाणार आहे. तिथे ‘जॉर्जियन हाउस’ नावाचं घर-संग्रहालय आहे म्हणे. जॉर्जियन म्हणजे जॉर्जिया देशाचं का? आणि कुणा श्रीमंताचं घर बघायला दुखरे गुडघे घेऊन जिने चढावेत का?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, जॉर्जियाचा काही संबंध नाही. १७१४ ते १८३० एवढ्या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, त्यांच्या काळातली घरं ती जॉर्जियन. हे घर १७९० च्या सुमाराचं. जिने आहेत आणि पार्क स्ट्रीटचा चढही दमवतो. तरी जाच.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवाणखाना, जेवणघर, अभ्यासिका बघून हरखून परतले. तळघरात उतरलेच नाही. त्याची रुखरुख राहिली, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा गेले. खाली स्वयंपाकघर आहे आणि गार पाण्यात डुंबण्यासाठी मालकाने बांधून घेतलेला दगडी हौद. तो हौद मी कितीतरी वेळ बघत राहिले. रोज पाणी कुणी भरलं असेल?

मालक जॉन पिनी. कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर त्याचे उसाचे मळे होते आणि राबायला विकत घेतलेले आफ्रिकी गुलाम. त्यांतला एक पेरो. १७६५ मध्ये पिनीने त्याला विकत घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. नॅन्सी आणि शीबा या त्याच्या बहिणीही त्याच सौद्यात घेतल्या. १७८३ मध्ये पिनी कुटुंब ब्रिस्टलला आलं, तेव्हा खासगी नोकर म्हणून पेरोला सोबत आणलं. १७९८ मध्ये तो वारला. शेवटपर्यंत त्याला मुक्त केलं नाही. त्याच घरातली दासी फॅनी कोकर मात्र आधीच, नेव्हिसवरच मुक्त झाली होती.

तेव्हा ताई, आधी तळघर बघा, मग वर जा. वरचं सुंदर लाकूडकाम मग निराळं दिसतं.

तिकीट नाही. जानेवारी ते मार्च घर बंद असतं, तुम्ही मे महिन्यात जाताय ते बरंच. परतताना उतारच आहे. खाली कॉलेज ग्रीनजवळ राजा राममोहन रॉय यांचा पुतळा लागेल. ते याच शहरात १८३३ मध्ये वारले. तसंच बंदराकडे चालत गेलात की दोन मोठ्या शिंगांचा पादचारी पूल दिसेल. १९९९ मध्ये खुला झालेल्या त्या पुलाला पेरोचं नाव दिलंय.