बिल्डिंग ‘ग्रीन सर्टिफाइड’ असेल तर घरचं वीजबिल खरंच कमी येतं का? आणि हे तपासतं कोण?

तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला टू बीएचके बघताय. सेल्स ऑफिसात ‘आयजीबीसी गोल्ड प्री-सर्टिफाइड’ अशी पाटी लावलीय (आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग काउन्सिल, ग्रीन रेटिंग देणारी उद्योगजगताची संस्था, सरकारी खातं नव्हे) आणि तिथला मुलगा म्हणतोय की लाइटबिल तीस टक्के कमी येईल. असं सर्टिफिकेट कायद्याने लागतं का, सरकारचं कोणी येऊन बघतं का, हा तुमचा प्रश्न.

मी काही वर्षं याच सर्टिफिकेटांच्या फायली तयार करायचं काम केलंय, म्हणून सरळच सांगतो. त्या पाटीवरून बिलाचा हिशेब मांडू नका. पश्चिमेची भिंत कशाची आहे ते विचारा.

प्री-सर्टिफिकेट मिळतं ते नकाशांवर आणि बिल्डरने दिलेल्या हमीवर. अंतिम रेटिंग बांधकाम संपल्यावर, फोटो, खरेदीची बिलं, चाचणीचे कागद जोडून घ्यावं लागतं. शिवाय हे गुण काही फक्त विजेचे नसतात. पावसाचं पाणी जिरवणं, ओल्या कचऱ्याचं खत, कमी पाण्याचे नळ, स्टेशन-बसस्टॉप जवळ असणं, या सगळ्यांना गुण आहेत. त्यामुळे ‘गोल्ड’ इमारत विजेच्या बाबतीत जेमतेम असू शकते. वीज वाचते ती बहुतेक जिन्यातल्या एलईडीत, पंपात आणि लिफ्टमध्ये, म्हणजे मेंटेनन्समध्ये. तुमच्या बेडरूममधल्या एसीशी तिचा संबंध नाही.

मग बिल्डर एवढा खटाटोप का करतो? एफएसआयसाठी, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेसाठी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (सगळे यूडीसीपीआर म्हणतात) ग्रीन इमारतीला मूळ एफएसआयवर जादा मिळतो: आयजीबीसी सिल्व्हर किंवा ‘गृहा’ या दुसऱ्या रेटिंगचे तीन तारे असतील तर ३ टक्के, गोल्ड किंवा चार ताऱ्यांना ५, प्लॅटिनम किंवा पाच ताऱ्यांना ७. कबूल केलेलं रेटिंग शेवटी आलं नाही तर दंडाची तरतूदही आहे. ठाण्यातल्या जागेचा भाव बघता ५ टक्के म्हणजे काय चीज आहे ते तुम्हीच मोजा. यात बिल्डरचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही. फक्त ते सर्टिफिकेट तुमच्या बिलासाठी काढलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता कायदा. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. फ्रिज-एसीवरचे तारे देणारी बीईई त्याच कायद्यातून आली. इमारतींसाठीचा कोड, ईसीबीसी, पहिल्यांदा २००७ मध्ये निघाला आणि २०१७ मध्ये सुधारला, पण तो व्यापारी इमारतींसाठी: १०० किलोवॅट कनेक्टेड लोड किंवा १२० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि त्यापुढे. घरांसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. पण दिल्लीत झालेला कायदा प्लॅन पास करणाऱ्याच्या टेबलावर पोचायला राज्याची अधिसूचना आणि महापालिकेचा रकाना लागतो, आणि तिथे गाडी रेंगाळते. इंग्लंडात घर विकताना किंवा भाड्याने देताना ए ते जी श्रेणीचा ऊर्जा दाखला लागतोच, आणि ई च्या खालचं घर काही अपवाद सोडले तर भाड्यानेच देता येत नाही. आपल्याकडे फ्लॅटच्या खरेदीखताला असा कुठलाही दाखला जोडावा लागत नाही.

तपासणीचंही तेच. आगीच्या यंत्रणेचा बी फॉर्म सोसायटीला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो, लिफ्टला सरकारी निरीक्षक असतो. राहत्या घरातली वीज मात्र ओसीनंतर (भोगवटा दाखल्यानंतर) कोणी मोजायला येत नाही. ऑफिसांसाठी बीईईची जी तारांकित योजना आहे ती मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटते: वर्षभराची खरी बिलं घ्यायची, दर चौरस मीटरला किती युनिट जळली ते काढायचं आणि त्यावर तारे द्यायचे. तिथे नकाशा कितीही देखणा असला तरी उपयोग नाही.

आता भिंतीकडे येऊ. घोडबंदरच्या पट्ट्यातले बरेच टॉवर मायव्हनचे आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत. काम झटपट होतं, गळतीही कमी. पण त्याच जाडीच्या सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंतीपेक्षा काँक्रीटमधून उष्णता कितीतरी सहज आत येते. अशाच एका टॉवरला एप्रिलमध्ये संध्याकाळी सातला पश्चिमेच्या बेडरूममध्ये मी आतल्या बाजूने हात लावला, तर ऊन केव्हाच उतरलं होतं तरी भिंत कोमट होती. दुपारी साठलेली उष्णता ती रात्री खोलीत सोडत बसते, नेमकं तुम्ही एसी लावता तेव्हा. इको निवास संहितेत यासाठी आरईटीव्ही नावाचा आकडा आहे: भिंती आणि खिडक्यांतून दर चौरस मीटरला सरासरी किती उष्णता आत येते. आपल्या हवामानात तो १५ वॉटच्या आत हवा. बाहेरून प्लास्टर आणि रंग एवढंच असलेली काँक्रीटची भिंत, साधी काच आणि शोभेपुरता छज्जा असेल तर १५ गाठणं फार अवघड. टॉप फ्लोअर घेत असाल तर स्लॅबवर इन्सुलेशन आहे का तेही विचारा; छपरातून उष्णता किती सहज आत येते त्याच्या आकड्याला (यू-व्हॅल्यू) संहितेची मर्यादा १.२ आहे आणि नुसत्या स्लॅबला ती जमत नाही.

खिडक्यांचा हिशेब तुम्ही घरी बसून करू शकता. संहितेप्रमाणे उष्ण-दमट भागात कार्पेट एरियाच्या एक षष्ठांश एवढी उघडणारी जागा हवी. ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४५ चौरस फुटांच्या घराला १० चौरस मीटर, बाल्कनीचं दार धरून. ‘उघडणारी’ यातच मेख आहे. दोन ट्रॅकची सरकती खिडकी अर्धीच उघडते, तेव्हा सॅम्पल फ्लॅटमधल्या त्या मोठ्या काचेतली निम्मीच धरा. माझ्या बघण्यात बरीच घरं इथेच अडकतात.

बुकिंगआधी लेखी तीन गोष्टी मागा: रेटिंगची गुणपत्रिका (नुसतं सर्टिफिकेट नको), आरईटीव्हीचा हिशेब केला असेल तर त्याची प्रत, आणि पश्चिमेच्या भिंतीच्या छेदाचा नकाशा, थरांसकट. प्रकल्पाचं बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर पर्यावरण मंजुरी लागलेली असणारच; ते पत्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर बघा, बिल्डरने ऊर्जाबचतीचं काय कबूल केलंय ते त्यात बऱ्याचदा सापडतं. सेल्सवाला गुणपत्रिका द्यायला टाळाटाळ करेल, तेव्हा त्याच्या आर्किटेक्टशी बोलायचंय म्हणा.

आणि ते ‘तीस टक्के’ ब्रोशरमध्ये छापलंय का बघा. छापलं असेल तर ब्रोशर जपून ठेवा. रेरा (घरखरेदीदारांसाठीचा कायदा) याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. तोंडी सांगितलं असेल तर त्यालाच म्हणा, हे मला मेलवर टाक.