अकरावीचे विषय आणि डॉक्टर होण्याविषयीची शंका

प्रश्न : आदरणीय बाई, सादर नमस्कार. मी ऐरोलीला राहते. यंदा दहावीला मला ९२ टक्के मिळाले असून गणितात ९५ आणि विज्ञानात ९१ गुण आहेत. अकरावीला विज्ञान शाखा घ्यायची एवढे नक्की आहे, त्यापुढचे काहीच ठरत नाही. माझी आई एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मी डॉक्टर व्हावे असे तिला मनापासून वाटते आणि मलाही जीवशास्त्र आवडते. परंतु रात्रपाळी करून आलेल्या आईचा चेहरा पाहिला की हे आयुष्य मला झेपेल का, अशी शंका येते. शिवाय रक्त पाहिले की मला कसेतरी होते. बाबा म्हणतात, जीवशास्त्र नकोच, गणित आणि कॉम्प्युटर सायन्स घे. आम्ही एका क्लासमध्ये चौकशीला गेलो, तेव्हा तिथे सांगितले की 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायची असेल तर गणित आत्ताच सोडा, नाहीतर मुलगी दोन्हीकडून जाईल. मी काय निवडू?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : तू भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय घ्यावेस, असे माझे मत आहे. इंग्रजी सक्तीचे आहेच. सहाव्या जागी मराठी किंवा दुसरी भाषा घे, अथवा तुझ्या कॉलेजात सोय असेल तर माहिती तंत्रज्ञान हा शंभर गुणांचा विषय घे. बाबा सुचवतात ते कॉम्प्युटर सायन्स मात्र द्विलक्ष्यी (बायफोकल) अभ्यासक्रमात येते. तो विषय दोनशे गुणांचा असून एका भाषेची आणि एका ऐच्छिक विषयाची जागा घेतो, आणि व्यवहारात बहुतेक मुलांचे त्यात जीवशास्त्रच सुटते. विषय चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या मुलीच्या मनात डॉक्टर होण्याचा विचार अजून जागा आहे, तिने तो यंदा घेऊ नये.

डॉक्टर व्हायचे की नाही, याचे उत्तर अकरावीचा अर्ज मागतच नाही. तो विचारतो ते एवढेच की पुढची दोन वर्षे कोणते विषय शिकणार. नीट देण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी असावे लागते, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे नियमच तुला आणखी दोन वर्षे देतो. ती वर्षे हाताशी असताना, एका क्लासच्या काउंटरवर बसून पाच मिनिटांत स्वतःला डॉक्टर किंवा इंजिनिअर ठरवून टाकण्याचे तुला काहीच कारण नाही.

आता 'गणित सोडा' या सल्ल्याविषयी. तो देणारे लोक वाईट हेतूने देत नाहीत, पण तो अर्धाच खरा आहे, आणि मला त्याविषयी जरा सविस्तर लिहायचे आहे. नीटमध्ये गणिताचा स्वतंत्र प्रश्न नसतो, हे बरोबर. एकूण ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राला, १८० रसायनशास्त्राला आणि १८० भौतिकशास्त्राला असतात. पण हे १८० गुणांचे भौतिकशास्त्र गणिताशिवाय कसे करायचे? आपल्या मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणितीय पद्धतींचे आहे. सदिश (व्हेक्टर), विकलन (डिफरन्शिएशन) आणि संकलन (इंटिग्रेशन) यांची ओळख तेथेच करून दिली आहे, कारण त्यांच्यावाचून पुढची गती, बल आणि दोलने ही प्रकरणे उलगडत नाहीत. गणित सोडलेल्या मुलांना हे सारे भौतिकशास्त्राच्या तासाला घाईघाईने शिकावे लागते. तीस वर्षे मी ठाण्यातील एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवले. जीवशास्त्र पाठ, रसायनशास्त्र बरे आणि भौतिकशास्त्रात गाडी अडलेली, अशी कितीतरी मुले वर्गानंतर माझ्याकडे येऊन बसत, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी अकरावीत हौसेने गणित सोडलेले असे. तुझ्यासारख्या ९५ गुण मिळवणाऱ्या मुलीसाठी गणित हे ओझे नाही, ती तुझी मदत आहे.

दुसरी गोष्ट गुणांच्या हिशेबाची, आणि तीही क्लासमध्ये सहसा कोणी समजावून सांगत नाही. एमबीबीएसच्या पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत मिळून ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. त्यात गणिताचे गुण धरत नाहीत. उलट राज्यातील अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी गणित सक्तीचे आहे, जीवशास्त्र नाही. म्हणून अकरावीच्या अखेरीस तुझे मन वैद्यकाकडे पक्के वळले, तर बारावीत गणित नीटपणे उत्तीर्ण होण्यापुरते करावे आणि उरलेला वेळ जीवशास्त्राला द्यावा. मन दुसरीकडे वळले, तर याच्या उलट करावे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेतही गणिताचा आणि जीवशास्त्राचा असे दोन वेगळे गट असतात आणि चारही विषय असलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही गटांची परीक्षा देता येते. त्या परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो, हेही ध्यानात असू दे.

चार विषयांचा त्रास होत नाही, असे मी म्हणणार नाही. जीवशास्त्राच्या लेखी परीक्षेला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण, गणिताला ८० आणि २०. प्रात्यक्षिकांची जर्नल्स, दोन्ही विषयांचा सराव, आणि त्यात ऐरोली ते कॉलेज हा रोजचा प्रवास. ज्या मुलाला दहावीचे गणितच रडत-रडत पूर्ण करावे लागले आहे, त्याला मी चार विषय घ्यायला सांगत नाही. पण तुझी स्थिती ती नाही. सहामाहीनंतर एकदा वडिलांसोबत बसून, कोणत्या विषयाला किती वेळ लागतो आहे आणि कोणता विषय उघडताना मन मागे सरते आहे, हे प्रामाणिकपणे पाहावे. विषय बदलायची वेळ आलीच तर कॉलेजच्या कार्यालयाची त्यासाठीची मुदत कोणती, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेव. आणि क्लासची दोन वर्षांची संपूर्ण फी पहिल्याच महिन्यात भरू नका, असा माझा निरोप बाबांना दे. भरलेल्या पैशांच्या भीतीने न पटलेला रस्ता चालत राहिलेली मुले मी पाहिली आहेत.

यात माझी एक चूकही सांगायला हवी. पुष्कळ वर्षांपूर्वी, बारावीच्या गुणांवरच वैद्यकीय प्रवेश मिळत असे त्या काळात, एका हुशार विद्यार्थिनीला गणित सोडून जीवशास्त्रावर भर देण्याचा सल्ला मी स्वतः दिला होता. तिचा प्रवेश थोडक्यात हुकला. त्यानंतर तिला संख्याशास्त्राची ओढ लागली, पण बारावीला गणित नसल्याने तो दरवाजा बंद होता. गणिताची परीक्षा वेगळी देऊन त्या वाटेला लागेपर्यंत तिचे एक वर्ष गेले. ती मला कधी काही बोलली नाही. त्यानंतर, स्वतः विद्यार्थ्याने मागितल्याशिवाय, गणित सोडण्याचा सल्ला मी कोणालाही दिलेला नाही.

प्रवेश हुकण्याची ही शक्यता आज अधिकच मोठी आहे. २०२४ मध्ये नीटसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. त्यांतल्याही बऱ्याच जागा खासगी महाविद्यालयांत, वर्षाला अनेक लाख रुपये फीच्या. तुझी परीक्षा चांगली जाऊनही परवडणारी जागा मिळणार नाही, असे होऊ शकते, आणि त्याचा अर्थ तू कमी पडलीस असा मुळीच होणार नाही. त्या दिवशी हातात दुसरे काहीतरी खरे असावे, म्हणून मी गणिताचा इतका आग्रह धरते आहे.

शिवाय रुग्णसेवेच्या वाटा एमबीबीएसपाशी संपत नाहीत. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपी, यांचे प्रवेश नीटवरूनच होतात. बी.फार्मसीला जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी काहीही चालते. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत मूलभूत विज्ञान शिकायचे म्हटले, तर तिथल्या प्रवेशपरीक्षेत चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. आणि तुझ्या घरापासून फार दूर नसलेल्या खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन केंद्राचाच विचार कर. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना कोणत्या कोनातून, किती मात्रा द्यायची, म्हणजे गाठ जळेल आणि शेजारचा अवयव वाचेल, हा हिशेब करणारी व्यक्ती वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असते. ती डॉक्टर नसते; तिने भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन त्यानंतर किरणोत्सार-भौतिकीचे विशेष शिक्षण घेतलेले असते, आणि ते शिक्षण खाडीपलीकडे तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, भाभा अणुसंशोधन केंद्रात मिळते. रुग्ण बरा होतो त्यात तिचा वाटा असतो, आणि तिची वाट गणितातून जाते.

आता तुझ्या मनातल्या शंकेकडे येते. रक्त पाहून कसेतरी होणे ही अडचण वाटते त्याहून लहान आहे. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी भोवळ आलेले माझे काही विद्यार्थी आज उत्तम शल्यचिकित्सक आहेत. सवयीने आणि कामात गुंतल्याने ते मागे पडते. यावरून निर्णय घेऊ नकोस. अधिक मोलाचे प्रश्न वेगळे आहेत. एमबीबीएसला साडेचार वर्षे, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप आणि विशेषज्ञ व्हायचे तर पुन्हा परीक्षा देऊन साधारण तीन वर्षे, इतका काळ समवयस्क मैत्रिणी कमावू लागल्यावरही अभ्यास करत राहणे तुला मानवेल का? अनोळखी माणसाच्या दुखण्याबद्दल त्याला पुन्हा पुन्हा, न चिडता विचारणे तुला जमते का? घरात आजी आजारी असते तेव्हा तू तिच्या खोलीत थांबतेस, की काहीतरी काम काढून बाहेर जातेस? दोन्ही उत्तरे चांगल्या माणसांचीच आहेत, पण ती तुला तुझ्याबद्दल काही सांगतील.

सगळ्यात मोठी माहिती तर तुझ्या घरातच आहे. रात्रपाळीहून आलेला आईचा चेहरा तू पाहतेस, पण त्या रात्री काय घडले ते तिला विचारले आहेस का? 'मी डॉक्टर होऊ का' असे विचारू नकोस. त्याचे उत्तर तुला ठाऊक आहे. तिला विचार की गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी ती समाधानाने घरी आली आणि का. तिला थकवते ते काम की माणसांची कमतरता. तिच्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांपैकी कोण आनंदात दिसते. तिच्या ओळखीने एखाद्या इंटर्नशी, एखाद्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाशी आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टशी अर्धा-अर्धा तास बोल. असे इंटर्न तुला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही भेटतील, कारण ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याच्याशी जोडलेले आहे. ती मुले तुझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठी असतात आणि त्यांना हे सारे ताजे आठवत असते. आईच्या इच्छेचा मान राखण्यासाठी आज 'हो' म्हणण्याची गरज नाही. चारही विषय घेतेस यातच तिची इच्छा आणि बाबांची काळजी या दोहोंना जागा आहे, आणि हे तू त्यांना असेच सांगावेस.

प्रश्न : माझा मुलगा गणित गटातून बारावी झाला, जीवशास्त्र घेतले नव्हते. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष पूर्ण झाले आणि आता त्याला डॉक्टर व्हायचे आहे. अकरावीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल का?
— एक पालक, कोपरी, ठाणे

उत्तर : पुन्हा अकरावीत बसण्याची गरज नाही. पूर्वी या विषयांच्या दोन वर्षांच्या नियमित अभ्यासाची अट होती. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर सूचना काढून, बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही नीटसाठी पात्र ठरवले. नीटला वयाची वरची मर्यादाही नाही. राज्य मंडळाकडून एकच विषय स्वतंत्रपणे देता येतो, आणि जीवशास्त्राला प्रात्यक्षिक असल्यामुळे अर्ज एखाद्या ज्युनिअर कॉलेजमार्फत करून तिथे प्रयोग आणि जर्नल पूर्ण करावे लागेल. मुंबई विभागीय मंडळाचे कार्यालय वाशीला आहे. अर्जाच्या तारखांची चौकशी आपण तेथेच करावी. मात्र अभियांत्रिकीचा प्रवेश आजच रद्द करू नये. पुढच्या तीन महिन्यांत त्याने अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचून काढावे. ३६० गुण ज्या विषयावर अवलंबून आहेत, त्याची त्याला खरोखर गोडी आहे, की केवळ अभियांत्रिकीचा कंटाळा आला आहे, हे त्यातून आपल्याला आणि त्याला दोघांनाही कळेल, आणि प्रवेशाबद्दलचा निर्णय त्यानंतर घ्यावा.